फोटोतला बांध कुठं गेला?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' या भागात राहतात, नोकरी सांभाळून रविवारी फोटो काढतात. एकच झाड आणि भोवती पांढरं मोकळं, असे जपानी ढंगाचे फोटो बघून त्यांना झपाटल्यासारखं झालंय. 'पण आपल्याकडं ना बर्फ, ना डोंगर, ना धुकं. नुसता रखरखीत माळ आणि विजेच्या तारा. इथं असलं काही जमेल का? त्यासाठी कोणती लेन्स, कोणता फिल्टर घेऊ? आणि झेन झेन म्हणतात ते म्हणजे जागा रिकामी सोडायची, एवढंच का?'

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर मला एका शेतकऱ्यानं दिलंय.

वीस-बावीस वर्षं मी लग्नाचे फोटो काढून पोट भरलं. अल्बमच्या पानावर कुठं मोकळी जागा दिसली की गिऱ्हाईक म्हणणार, "इथं कायतरी टाका की ओ." मग आम्ही गुलाब टाकायचो, ढग टाकायचो, नवरा-नवरीचा आणखी एक फोटो बदामात बसवायचो. त्याचा उबग आला म्हणून सुटीच्या दिवशी माळावर जायला लागलो, आणि उबगाच्या भरात थेट दुसरं टोक गाठलं. दिसेल ते पुसायचं.

मंगळवेढ्याच्या बाजूला एका रानात एकटी बाभूळ आहे. ज्वारी निघालेली, नांगरट झालेली, खाली काळं रान आणि वर पांढरट आभाळ. फोटो बरा आला होता, पण मधून एक बांध तिरका गेला होता. त्यावर बोरीची दोन-चार खुरटी झुडपं आणि हद्दीचा एक दगड. कॉम्प्युटरवर बसून मी तो बांध अख्खा काढून टाकला. खाली एकसंध काळं, वर एकसंध पांढरं, मध्ये झाड. शहरातल्या एका लहानशा प्रदर्शनात तो फोटो लावला, लोकांनी वा वा केली. एक जण "अगदी जपानी!" म्हणाला, त्यावर मी आठवडाभर तरंगत होतो.

नंतर त्याची एक प्रिंट रानाच्या मालकांना द्यायला गेलो. त्यांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ घेऊन बघितला. मग म्हणाले, "झाड आमचंच हाय. पण बांध कुठं गेला ओ?"

म्हटलं, "काढला. फोटो साधा दिसावा म्हणून."

"आमच्या भावकीनं तीस वर्सं कोरून कोरून हातभर सरकवलाय तो," ते हसत म्हणाले, "तुम्ही तर बसल्या जागी अख्खा कोरला की!"

तिथं मी पण हसलो. परत येताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. ज्या जागेला मी मोकळी म्हणत होतो ती त्यांच्या लेखी माती होती, वाटणीची, मोजणीची, भांडणाची माती. बांध पुसल्यावर माझ्या फोटोत मातीसुद्धा उरली नव्हती. उरला होता काळा रंग. तेव्हापासून मी प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारतो: यात रिकामं दिसतंय ते कशाचं आहे? पाण्याचं, धुळीचं, धुक्याचं, उन्हाचं, ढेकळांचं, काय ते नाव सांगता आलं पाहिजे. नाव सुचत नसेल तर तो कोपरा नुसता शिल्लक राहिलेला असतो, लग्नाच्या अल्बमातल्यासारखा. मग तिथं गुलाब टाकला काय आणि न टाकला काय.

हे मी पदरचं सांगत नाही. हासेगावा तोहाकू (1539–1610) या जपानी चित्रकाराचे पाइनची झाडं रंगवलेले घडीचे पडदे टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. सहा-सहा फळ्यांची जोडी, एकेक पडदा साडेतीन मीटर रुंद, आणि त्यातला बहुतेक कागद कोरा. शाईचा थेंबही नाही. पण बघणाऱ्याला तो कागद कोरा वाटतच नाही, धुकं वाटतं. कारण पुढची झाडं गडद शाईच्या दांडग्या फटकाऱ्यांनी काढलीत, मागची पाणी घालून फिकट केलेल्या शाईनं, आणि त्यांच्याही मागची असून नसल्यासारखी. धुकं किती दाट आहे, किती लांबवर पसरलंय, हे सगळं झाडं सांगतात. उद्या ती झाडं पुसली तर धुकंही जाईल, कागद उरेल. मोकळी जागा रंगवायची असेल तर तिच्या कडेला जे आहे ते जिवापाड नीट रंगवावं लागतं. माझ्या काळ्या रानाला त्या बांधाची नेमकी हीच गरज होती.

तोहाकू काही झेन भिक्षू, म्हणजे ध्यानाला वाहिलेल्या बौद्ध पंथातला साधू, नव्हता. पण क्योतोच्या दाइतोकुजी या झेन मठातली मुची नावाच्या चिनी भिक्षूची 13 व्या शतकातली चित्रं त्यानं डोळे भरून बघितली होती. मुचीचं पर्सिमनच्या सहा फळांचं चित्र तिथलंच. फळं कशावर ठेवलीत, टेबलावर की जमिनीवर, काही दाखवलेलं नाही. पाच साधारण एका ओळीत आणि एक जरासं खाली. ते एक खाली सरकलेलं फळ हाताच्या बोटानं झाकून बघा, सगळं चित्र भाजीच्या दुकानासारखं मांडून ठेवलेलं वाटतं. सेश्शू हा जपानी चित्रकार मात्र खरा झेन भिक्षू. त्यानं 1495 मध्ये शाई शिंपडल्यासारखं एक निसर्गचित्र काढलं. पहिल्या नजरेला नुसते डाग, पण जरा थांबलं की पायथ्याशी छप्पर दिसतं, पाण्यात होडी दिसते. डागांना डोंगर केलंय ते त्या होडीनं.

आता झेन या शब्दाबद्दल दोन ओळी, कारण तो आपलाच आहे. संस्कृत ध्यान, पालीत झान, चीनमध्ये चान, जपानात झेन. गंमत म्हणजे मराठीत ध्यान या शब्दाला आणखी एक अर्थ आहे: समोर उभं असलेलं रूप. पंढरपूरला विटेवर आहे ते ध्यान, आणि ते बघत डोळे मिटून बसणं हेही ध्यान. बघणारा आणि दिसणारं या दोघांना एकच शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेतल्या माणसाला झेन समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. (नाक्यावरचे लोक आपल्याला ट्रायपॉडपाशी तासभर उभं बघून "काय ध्यान आहे!" म्हणतात, तो तिसरा अर्थ.)

जपानीत मोकळ्या जागेला 'मा' म्हणतात. ती चित्रलिपी म्हणजे दोन फळ्यांचा दरवाजा आणि त्याच्या फटीतून दिसणारा सूर्य. जुन्या रूपात सूर्याच्या जागी चंद्र होता. फट दिसायला दोन्ही बाजूला फळ्या लागतातच.

आपल्याकडं बघायचंच असेल तर चित्रकार वासुदेव गायतोंडे (1924–2001) बघा. नागपूरचा जन्म, मुंबईच्या जे. जे. मधलं शिक्षण, झेन विचारांची मनापासून ओढ. वर्षाकाठी मोजकीच चित्रं, रोलर आणि सुरीनं रंगाचे थर चढवलेली, खरवडलेली. लांबून एकच रंग वाटतो, जवळ गेलं की त्यात काय काय बुडालेलं दिसतं. छापलेल्या चित्रावरून अंदाज येत नाही, कुठं मूळ चित्र बघायला मिळालं तर चुकवू नका.

आता सोलापूर. 'आपल्याकडं काही नाही' हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. तुम्ही बघितलेत ते फोटो बहुधा मायकेल केना या इंग्रज छायाचित्रकाराच्या वळणाचे असणार. उत्तर जपानातल्या होक्काइदो बेटाचा बर्फ, चौकोनी फ्रेम, एक झाड. तिथं बर्फ कागदाचं काम करतो. आपल्याकडं तेच काम दोन गोष्टी करतात, आणि दोन्ही फुकट मिळतात.

एक म्हणजे उन्हाळ्यातलं आभाळ. एप्रिलमध्ये अकरा वाजल्यानंतर आपलं आभाळ निळं राहत नाही, पांढरट होतं. हवेतल्या धुळीचे कण मोठे असल्यामुळे सगळ्या रंगांचा उजेड सारखाच विखुरतात आणि निळा धुऊन निघतो. बाकीचे लोक या वेळी कॅमेरा बॅगेत घालतात. तुम्ही त्याच वेळी एका निष्पर्ण झाडाच्या जवळ जा, खाली बसा आणि आभाळ मागे घ्या. फांद्या शाईसारख्या उतरतात. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट, कमी केला की निम्मा), नाहीतर कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करून ठेवतो. जवळून काढा असं म्हणतोय त्याला कारण आहे. तापलेल्या जमिनीवरून हवा उठत असते. लांबच्या लेन्सनं अर्ध्या किलोमीटरवरचं झाड टिपायला गेलात तर ते पाण्यात पडल्यासारखं हलतं. मी दोनदा त्यासाठी लेन्स दुरुस्तीला टाकून आलोय. लेन्समध्ये काहीच बिघाड नव्हता.

दुसरी म्हणजे काळी माती, आणि तिच्यावर माझा खरा जीव. जपान्यांकडं पांढरा कागद आणि काळी शाई; मंगळवेढ्याच्या शिवारात काळा कागद. पाणी न देता, नुसत्या ओलीवर मालदांडी ज्वारी पिकवणारी ही जमीन. तिथल्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच मातीच्या जोरावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते, कडब्याच्या गंजी उभ्या राहतात, आणि पुढं पावसापर्यंत रान उघडं पडतं. पण उघडं रान म्हणजे एकच रान नव्हे. नुसतं नांगरलेलं असेल तर ढेकळं असतात. सकाळी सातच्या तिरक्या उजेडात प्रत्येक ढेकळाला सावली पडते आणि रान खवल्यांचं दिसतं. त्यावर कुळवाची पाळी पडली की तेच रान गुळगुळीत होतं, नुसत्या ओळी राहतात. रानाला नांगरच लागला नसेल तर मे महिन्यात भेगा पडतात, हात आत जाईल एवढ्या. क्योतोच्या र्‍योआनजी मठातली 15 दगडांची बाग तुम्ही फोटोत बघितली असेल, तिथले भिक्षू पांढऱ्या खड्यांवर दाताळं ओढून ओळी काढतात. ओसरीवर कुठंही बसा, एक तरी दगड दुसऱ्याआड राहतो. आमच्या कुळवलेल्या रानात एक दगड तसाच राहिलेला असतो, हद्दीचा. त्याला पुसू नका, एवढंच माझं मागणं.

काळ्या मातीवर मोजमाप उलटं होतं. फ्रेममध्ये रान जास्त असेल तर कॅमेरा तिला उजळ करायला बघतो आणि माती सिमेंटसारखी होते. एक स्टॉप कमी करा. मोबाइल असेल तर मातीवर बोट दाबून धरा, लॉक करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा.

धुकं नाही म्हणालात. हिप्परग्याला कधी पहाटे गेलात का? तुळजापूर रस्त्याला, शहरापासून स्कूटरवर अर्धा तास. 19 व्या शतकात इंग्रजांनी बांधलेला तो तलाव, कागदोपत्री एकरुख. डिसेंबर-जानेवारीत थंडी धरली की पाणी ऊबदार राहतं आणि वरची हवा गार, त्यामुळे पाण्यावरून वाफ उठून तिथल्या तिथं धुकं होतं. अशा सकाळी वर्षात दहा-बारा मिळाल्या तर नशीब. सूर्य वर आला की वीस-पंचवीस मिनिटांत खेळ संपतो.

मागच्या एका जानेवारीत मी काठावर उभा होतो. पाणी आणि आभाळ यांच्यात रेघच नव्हती. टायरच्या ट्यूबवर बसून एक जण जाळं सोडत गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला. मागं राहिल्या त्याच्या जाळ्याला बांधलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या, ओळीनं तरंगत. पूर्वीचा मी असतो तर चरफडलो असतो: एवढी सकाळ मिळाली आणि त्यात हा कचरा! त्या दिवशी मात्र बघत राहिलो. पहिली बाटली इतकी जवळ की तिच्यावर उरलेला लेबलाचा निळा तुकडा दिसत होता. दुसरी-तिसरी नुसत्या आकाराच्या. पाचवीपर्यंत डोळे ताणावे लागत होते, आणि सहावी आहे की मला वाटतंय, हे आजही फोटो बघून सांगता येत नाही. तोहाकूची झाडं मला त्या बाटल्यांत भेटली. धुकं किती दाट होतं ते त्या फोटोत अजून मोजता येतं. निळा तुकडा पण तसाच ठेवलाय, काळा-पांढरा केला नाही.

नान्नजला जाणार असाल तर वेगळी काळजी. 1979 पासून ते माळढोक अभयारण्य आहे. पावसाळा सरल्यावर तिथलं गवत सोनेरी होतं, वाऱ्याच्या एका झुळकीनं अख्खा माळ कूस बदलतो, आणि काळविटाची शिंगं गवताच्या वर फक्त चार बोटं दिसतात. मोह पडणारच. पण वनखात्याची परवानगी घ्या, ठरलेली वाट सोडू नका, गवतात घुसू नका. माळढोक जमिनीवर अंडी घालतो, गवतातच. कुसळं मोज्यात घुसून आठवडाभर टोचतात, हे आणखी एक कारण. होक्काइदोत बिएई गावी एका शेतात कलतं पॉपलरचं झाड होतं, 'तत्त्वज्ञ झाड' म्हणून जगभर प्रसिद्ध. फोटोसाठी लोक पिकात शिरायचे, पाट्या लावून ऐकेनात. झाडही म्हातारं झालं होतं. 2016 च्या फेब्रुवारीत शेतमालकानं ते पाडलं. बाभळीचा पत्ता मला बरेच जण विचारतात. मी सांगत नाही, तुम्हालाही सांगणार नाही. स्वतःची शोधा, शिवारात काही कमी नाहीत.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बुडालेल्या झाडांचे सांगाडे वर येतात. विषय सुरेख आहे, पण रोहित पक्ष्यांच्या मोसमात गर्दी फार होते. होडीवाल्याला "थवा उठवा" सांगणारे लोक असतात, त्यांच्यात आपण नको. हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात, ते पावसाळ्यात बघा. सिद्धेश्वर तलावावर मला आजवर साधा फोटो एकदाही मिळालेला नाही. तुम्हाला मिळाला तर दाखवा.

आता सामान. तुमच्याकडं काय आहे ते लिहिलं नाहीत, पण जे असेल त्यानं वर्षभर चालेल. घ्यायचंच असेल तर आधी ट्रायपॉड, जरा वजनदार, कारण आपल्या माळावर वारा थांबत नाही. लेन्स 70 ते 200 मिमीच्या आसपासची, जुनी चालेल. मोकळ्या माळावर वाइड लेन्स लावली की तारा, खांब, टॉवर, पलीकडचा ढाबा, सगळे वऱ्हाडासारखे आत येतात. लांब लेन्स नेमका तुकडा उचलते. तारांवर दुसरा उपाय म्हणजे पाय. चार पावलं डावीकडं किंवा गुडघ्यावर बसून बघितलं तर निम्म्या तारा झाडाआड जातात. उरलेली एखादी राहू दे.

एनडी फिल्टर, म्हणजे काळी काच, या वर्षी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. दहा स्टॉपची काच लावली की 1/30 सेकंदाचं एक्स्पोजर साधारण 34 सेकंदांवर जातं. लाटा पुसून पाणी दुधासारखं होतं. दिसायला छान. पण पहिल्या दिवशी ती काच हातात आली की माणूस प्रत्येक पाण्याचं दूध करत सुटतो, हिप्परगा आणि उजनी यांत फरक राहत नाही. हिरोशी सुगिमोतो हे जपानी छायाचित्रकार 1980 पासून समुद्राचे फोटो काढताहेत. अर्ध्यात पाणी, अर्ध्यात आभाळ, बाकी काही म्हणजे काही नाही. तरी प्रत्येक फोटोला त्या त्या समुद्राचं नाव आहे, ठिकाण आहे. आधी पाणी ओळखीचं होऊ दे, काच कुठं पळून जात नाही.

एक काम सांगतो, ते करून बघा. घरापासून तासाभराच्या आतली एकच जागा निवडा आणि वर्षभर तिथंच जा. पोचल्यावर पहिली वीस मिनिटं कॅमेरा काढायचा नाही. डोळे किलकिले करून बघायचं. त्यामुळे बारीकसारीक तपशील विरतात आणि काळं-पांढरं कुठं किती आहे तेवढंच राहतं. घरी आल्यावर प्रत्येक फोटोखाली एका शब्दात लिहायचं की यातली मोकळी जागा कशाची आहे. धूळ. ओल. दुपार. माझ्या वहीत पहिल्या वर्षी चारशेतल्या जेमतेम तीस फोटोंखाली शब्द लिहिता आला होता. बाकीचे उडवले. प्रिंट काढाल तेव्हा लहान काढा, वीतभर चौकोनी, मॅट कागदावर, भोवती भरपूर पांढरं सोडून. केना यांच्या प्रिंटही अशाच लहान असतात. माणसाला जवळ यावं लागतं.

बांधासकटची प्रिंट मी नंतर त्या शेतकऱ्यांना नेऊन दिली. सिद्धेश्वराच्या कॅलेंडरशेजारी लावली आहे. त्यांच्या भावानंही एक मागितली, त्याला बांध थोडा अलीकडं हवा होता.

आणि एक राहिलं. पहिल्या पावसानंतर काळं रान सगळ्यात सुंदर दिसतं आणि तुम्ही जाणारच. गाडी डांबरीवरच लावा, चालत आत जा. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली डब्यांची जुनी झाकणं ठेवा, नाहीतर एक्स्पोजर चालू असतानाच तो हळूहळू खाली बसतो. माझी गाडी एकदा दहा पावलं आत घातली आणि बुडापर्यंत रुतली. ट्रॅक्टर बोलावून ओढावी लागली. ट्रॅक्टरवाल्यानं पैसे घेतले नाहीत, पण बघायला जमलेल्या अकरा जणांना चहा मला पाजावा लागला.